पाणी बदललं की पाकट खाणं सोडतो: दर वेळी परत येणाऱ्या त्रासाचं मूळ

तक्रार साधारण अशी असते. टाकीत पाळलेला गोड्या पाण्यातला पाकट (चपट्या गोल अंगाचा, शेपटीवर काटा असलेला मासा), बहुतेक घरांत मोटोरो जातीचा, पाणी बदलल्यावर बारा ते चोवीस तासांत खाणं सोडतो. एका कोपऱ्यात पडून राहतो. डोळ्यांमागच्या भोकांची उघडझाप जोरजोरात चालते आणि चकतीच्या, म्हणजे गोल चपट्या अंगाच्या कडा, भाजताना पापडाच्या वळाव्यात तशा, वर वळतात. तीन-चार दिवसांनी हळूहळू सावरतो. मग पुढच्या वेळी पाणी बदललं की पुन्हा तेच. एखाद्या वेळी सावरत नाही.

माझ्याकडे मोटोरोची जोडी आहे. टाकी सात बाय तीन फुटांची, दोन फूट उंच, साधारण अकराशे लिटर पाणी. पुण्यात राहते, त्यामुळे एरवी नळाचं धरणाचं मऊ पाणी आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर. एका वर्षी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत मादीने पाच वेळा खाणं सोडलं. पाचही वेळा आदल्या दिवशी मी निम्मं पाणी बदललं होतं. हे कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं होतं म्हणून तरी लक्षात आलं. तोवर मी रोग शोधत होते. दुकानदाराने परजीवींवरचं औषध दिलं, ते टाकलं. कुणी मीठ सांगितलं, तेही टाकलं. दर वेळी ती "औषधाने" बरी व्हायची आणि दर वेळी मला वाटायचं की जमलं. प्रत्यक्षात ती औषधाशिवायही तेवढ्याच दिवसांत सावरली असती, आणि औषधामुळे तिला झालेला त्रास वेगळाच.

ज्या कुणाचा पाकट आत्ता या अवस्थेत असेल, त्याने आधी हे करावं: खाणं देणं बंद, औषध बंद, आणि टाकीतलं अमोनिया व पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्लधर्मी) दोन्ही आत्ताच्या आत्ता मोजून कागदावर लिहायचं. घाबरून आणखी निम्मं पाणी बदलायचं नाही. का नाही, ते पुढे येईलच.

युरिया सोडून दिलेला प्राणी

मुशी (छोटा शार्क) किंवा समुद्रातला पाकट थोडा शिळा झाला की त्याला जो उग्र वास सुटतो, तो कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात ओळखीचा आहे. तो अमोनियाचा वास. समुद्रातले शार्क आणि पाकट आपल्या रक्तात आणि मांसात भरपूर युरिया मुद्दाम साठवून ठेवतात. बाहेरच्या खाऱ्या पाण्याने शरीरातलं पाणी ओढून घेऊ नये म्हणून ही तजवीज असते. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात आणि वास सुटतो. बुल शार्क नदीत शिरतो तेव्हा हा युरिया कमी करतो, पण पूर्ण सोडत नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधल्या पाकटांनी मात्र तो सोडून दिला. १९६७ मध्ये थॉमस थॉर्सन आणि सहकाऱ्यांनी मोटोरोच्या पोटामोट्रायगॉन या जातकुळीतल्या पाकटांचं रक्त तपासलं तेव्हा युरिया जवळजवळ नाहीच असं दिसलं. पुढे त्यांना खारट पाण्यात ठेवून पाहिलं, तरी त्यांना युरिया पुन्हा साठवता येईना. मीठ बाहेर टाकणारी गुदाजवळची ग्रंथीही त्यांच्यात खुरटलेली असते. यांचे पूर्वज समुद्रातलेच होते, त्यांची समुद्री भावंडं आजही कॅरिबियन आणि पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर आहेत, पण नदीत शिरून इतका काळ लोटला की परतीची वाटच मिटली. म्हणून "मूळचा समुद्रातला मासा आहे, मूठभर मीठ टाका" हा सल्ला यांना लागू पडत नाही.

आपल्या प्रश्नाशी याचा संबंध असा. युरिया साठवायचा नसेल तर प्रथिनांतला नायट्रोजन बाहेर टाकायचा सोपा मार्ग म्हणजे तो अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडणं. आमचे पाकट दिवसभर हेच करतात. त्यात हा प्राणी मांसाहारी आणि खादाड. नदीत तो वाळूत दबा धरून किड्यांच्या अळ्या, कोळंबी, खेकडे, गोगलगायी, छोटे मासे खातो. किड्यांचं कडक कवच फोडायला मोटोरो जबडा आडवा हलवत गाईसारखं चावतो, हे माशांमध्ये फार दुर्मिळ आहे. कोळंबी दिल्यावर काचेला नाक लावून पाहा. चकती जमिनीला दाबून खाली पोकळी करतो, कोळंबी ओढून घेतो, आणि मग दोन्ही बाजूंच्या भोकांतून वाळू आणि कवचाचा चुरा भुरभुरतो. ते पाहत मी कितीदा तरी रात्रीचं जेवण थंड केलं आहे.

त्या कोळंबीचा हिशोब

शंभर ग्रॅम सोललेल्या कोळंबीत साधारण वीस ग्रॅम प्रथिनं, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्म्याहून जास्त अमोनिया होऊन पाण्यात येतो, आपण दोन ग्रॅम धरू. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. इथवर प्रत्येक पाळणाऱ्याला माहीत असतं. कमी बोललं जातं ते असं की हे काम करताना जिवाणू पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल शोषून घेणारे क्षार, खातात: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम. दोन ग्रॅमचे चौदा ग्रॅम झाले. माझ्या अकराशे लिटरमध्ये ते रोजचे लिटरमागे जवळपास तेरा मिलिग्रॅम.

माझ्या नळाच्या पाण्याची क्षारता मी मोजली तेव्हा लिटरमागे छत्तीस मिलिग्रॅम निघाली. म्हणजे जोडी रोज शंभर ग्रॅम खात असेल तर नव्या पाण्यातली सगळी क्षारता तीन दिवसांत संपते. क्षारता संपली की पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही, तो घसरतो. साडेसहाच्या खाली ते जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. अमोनिया मात्र येतच राहतो आणि साचत जातो.

आणि तरीही पाकट मजेत दिसतो, खातो, फिरतो! इथेच सगळ्यांची फसगत होते.

कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो. अमोनियमला वीजभार असतो, तो कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही. विषारी आहे तो मोकळा अमोनिया. पाणी २८ अंशांवर असताना पीएच ६ ला एकूण अमोनियापैकी हजारात एक भागसुद्धा मोकळा नसतो. ७ ला शंभरात पाऊण भाग. ८ ला शंभरात साडेसहा भाग. पीएच एकने वाढला की मोकळा अमोनिया जवळपास दसपट.

आता मी पाणी बदललं त्या दिवशी काय घडत होतं ते बघा. आधी एकूण अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅम, पीएच ६. मोकळा अमोनिया ०.००१४. मी निम्मं पाणी काढून टँकरचं बोअरवेलचं पाणी भरलं, ते कठीण, पीएच ८. एकूण अमोनिया निम्मा होऊन १ झाला. पण पीएच ७.६ वर गेला आणि मोकळा अमोनिया झाला ०.०२७. एकूण निम्मा झाला, विष जवळपास वीसपट झालं. माशांच्या दृष्टीने ०.०२ च्या वर त्रासाची सुरुवात धरतात. पाणी स्वच्छ, काच लख्ख, माझं मन समाधानी, आणि खाली वाळूवर ती मादी कडा वळवून पडलेली.

उन्हाळ्यातच जास्त का होतं, याचंही उत्तर यात आहे. नळाचं मऊ पाणी भरलं तर पीएचची उडी लहान असते, टँकरचं भरलं की मोठी. शिवाय पाणी जितकं गरम तितका मोकळ्या अमोनियाचा वाटा वाढतो आणि पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

साध्या टेस्ट किटवर येणारा आकडा एकूण अमोनियाचा असतो. तो एकटा वाचून काही कळत नाही. पीएच आणि तापमानाशिवाय तो आकडा मला कुणी सांगितला तर मी पुढे काही बोलतच नाही. आणि किटमधली बाटली मुदतीतली आहे का तेही बघा. माझी एक बाटली मुदत संपलेली होती, आणि ती मला महिनाभर सगळं ठीक आहे असंच दाखवत होती.

मग रिओ नेग्रोत काय होतं?

हा प्रश्न रास्त आहे. अॅमेझॉनची उपनदी रिओ नेग्रो चहासारखी काळसर आणि चांगलीच आम्लधर्मी, पीएच ४ ते ५. तिच्या मधल्या पट्ट्यात कुरुरू नावाचा छोटा पाकट राहतो, २०१६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. असलं पाणी यांना सोसतं, मग टाकीत पीएच ६ ने काय बिघडतं? पीएच ६ ने काहीच बिघडत नाही. नदीत पाण्याचा लोंढा अखंड वाहतो, अमोनिया साचायला जागाच नसते, आणि दुपारी दोन वाजता कुणी येऊन निम्मी नदी पीएच ८ ची करत नाही. तिथे बदल होतात ते ऋतूंच्या चालीने. रिओ नेग्रोकाठच्या मनौस शहराजवळ नदीची पातळी वर्षभरात सरासरी दहा मीटर चढते-उतरते, जंगल बुडतं, पाकट त्या बुडालेल्या जंगलात पसरतात, आणि कुरुरूचं पिल्लं घालणंही या चढउताराशी बांधलेलं आहे. मोठा बदल त्यांना सोसतो, पण तो आठवड्यांनी येणारा.

त्यामुळे जंगली बदामाची पानं टाकून पाणी काळं करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की तो हौसेचा भाग ठेवा, पण पाणी बदलताना मग दुप्पट सांभाळा. आम्लधर्मी टाकीत हा त्रास अधिक जोराने उद्भवतो.

आत्ता या क्षणी काय करायचं

अमोनिया शून्य नाही आणि पीएच साडेसहाच्या खाली आहे: थोडं थोडं पाणी बदला, एका वेळी दहा टक्के, पाच-सहा तासांच्या अंतराने. नव्या पाण्यात अमोनिया बांधणारं आणि क्लोरीन काढणारं कंडिशनर आधीच मिसळा, टाकीत पाणी ओतल्यावर नाही. शक्यतो नळाचं मऊ पाणी वापरा. बेकिंग सोडा या टप्प्यावर अजिबात नको, तो पीएच चढवतो आणि आपण टाळू पाहतोय तेच घडतं.

पाणी आधीच बदलून झालंय, पीएच साडेसातच्या वर गेलाय आणि पाकट वळलाय: अमोनिया बांधणारं कंडिशनर संपूर्ण टाकीच्या लिटरांच्या हिशोबाने टाका, हवेचा पंप वाढवा, दिवे बंद करा, खाणं नको. पीएच खाली आणायला आम्ल ओतू नका. एका दिवसात दोन उड्या त्याला झेपत नाहीत.

दोन्ही वेळी पाकटाला हाताने उचलून दुसऱ्या टबात हलवण्याचा मोह आवरा.

कायमचा उपाय

अमोनिया शून्यावर आल्यावर क्षारता वाढवायची, आणि तिथे टिकवायची. मी शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या शेवटच्या कप्प्यात ठेवला. पाणी आम्लधर्मी होऊ लागलं की तो विरघळतो, नाहीतर नुसता पडून राहतो. क्षारता साठ-सत्तर मिलिग्रॅमवर राहते, पीएच सातच्या आसपास. पिशवी दर महिन्याला हाताने दाबून बघते, निम्मी झाली की नवी भरते.

निम्मं पाणी आठवड्याने बदलणं सोडलं. आता एक दिवसाआड पंधरा टक्के. टँकरचं पाणी थेट टाकीत जात नाही. बाल्कनीतल्या पिंपात नळाच्या पाण्यात अर्धं-अर्धं मिसळून, हवा सोडून, दुसऱ्या दिवशी पीएच मोजून मग जातं. सासूबाईंनी पिंपावर खडूने "पाकट" लिहून ठेवलं आहे, म्हणजे कुणी त्यातून झाडांना पाणी घालत नाही.

खाणं शंभर ग्रॅमवरून सत्तरवर आणलं आणि आठवड्यातून एक दिवस उपास. अंगाची चकती शेपटीच्या मुळाशी भरलेली दिसत असेल आणि पाठीवर सांगाड्याच्या रेघा दिसत नसतील तर एवढं पुरतं. खाण्यात फक्त कोळंबी किंवा जिवंत गोल्डफिश देऊ नका. गोल्डफिशमध्ये ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, सतत तेच दिलं तर पाकट वेगळ्याच कारणाने खंगतो.

फिल्टरच्या बाबतीत एकच गोष्ट सांगते, कारण तीच अनेकांना ठाऊक नसते. वीज चार-पाच तास गेली की बंद डब्याच्या फिल्टरमध्ये अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर ते सगळं सडकं पाणी थेट टाकीत येतं. लांबलेल्या भारनियमनानंतर फिल्टर सुरू करण्याआधी तेवढं पाणी बादलीत ओतून टाका.

हे सगळं करूनही परत येत असेल तर

मग कारण बहुधा अमोनिया नाही. कडा वळणं हे दुखण्याचं लक्षण आहे, एका रोगाचं नाही. पोटाखाली बघा, काचेच्या बाजूने चढतो तेव्हा पांढरा खालचा भाग दिसतो. लाल चट्टे असतील तर तळाची खडी टोचते आहे. पाकटाला बारीक नदीची वाळू हवी किंवा मग मोकळी काच, धारदार खडी कधीच नको. त्याच्या कल्ल्यांच्या फटी खालच्या बाजूला आहेत, वाळूत पुरून घेताना श्वासाचं पाणी तो डोळ्यांमागच्या भोकांतून आत घेतो, हे ध्यानात ठेवलं की तळ कसा असावा ते आपोआप कळतं. पाठीवर किंवा कडेला एकच सरळ भाजल्याची रेघ असेल तर हीटर उघडा आहे. पाकट त्याला टेकून पडतो आणि भाजेपर्यंत उठत नाही. हीटरला जाळी लावा किंवा तो फिल्टरच्या कप्प्यात हलवा. मादीच्या कडांवर अर्धगोल चाव्याच्या खुणा असतील तर ते नराचं काम. मीलनाच्या वेळी तो कडेला धरतो. तिला काही आठवडे वेगळं ठेवा.

नायट्राइट वेगळं मोजा. पावसाळ्याच्या सुरुवातीला नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येतो, त्या दिवसांत पाणी साठवून मगच वापरा.

परजीवींचं औषध द्यायचंच असेल तर त्यात तांबं नाही हे घटकांच्या यादीत स्वतः वाचून घ्या. शार्क आणि पाकट तांब्याला इतर माशांपेक्षा फार लवकर बळी पडतात.

टाकीत हात घालताना

त्रासात असलेला पाकट एरवीपेक्षा पटकन शेपटी मारतो. शेपटीवरचा काटा करवतीसारखा दातेरी असतो आणि त्याच्यावरच्या कातडीत विष असतं. जखम खोल नसली तरी भोवतालचं मांस सडू शकतं. कोकणातले कोळी जाळ्यात पाकट आला की आधी काटा मोडतात ते उगाच नाही. ब्राझीलमध्ये नदीकाठी राहणारे लोक उथळ पाण्यात पाय घासत चालतात, म्हणजे पाकट आधीच सरकतो. टाकीत आपण लांब दांड्याची जाळी वापरायची आणि शेपटी कुठे आहे ते नजरेत ठेवायचं. काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याची ऊब दुसऱ्याला तपासायला सांगा, कारण वेदनेत आपल्याला चटका कळत नाही. आणि वेदना थांबली तरी डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि काट्याचा तुकडा आत राहिलाय का हे बघण्यासाठी. काटा कापून टाकू नका, तो झडतो आणि नवा येतो.

वैतागून सोडून देण्याआधी

वारंवार आजारी पडणारा पाकट लोक तलावात सोडतात, म्हणून हे इथे लिहिते. मोटोरो सिंगापूरच्या अप्पर सेलेटार जलाशयात पाळीव टाकीतूनच गेला आणि तिथे वसला. खुद्द ब्राझीलमध्ये पराना नदीवरचे सेते केदास धबधबे पाकटांना वर जाऊ देत नव्हते. १९८२ मध्ये इताइपू धरणाच्या पाण्याखाली ते धबधबे बुडाले, आणि पाकट वरच्या पट्ट्यात पसरले. तिथे ते पूर्वी नव्हते, आता तिथल्या मासेमारांना काटे लागतात. उजनी धरणातल्या मच्छीमारांना सकर या टाक्यांत पाळल्या जाणाऱ्या परक्या माशाने जो ताप दिलाय तो बघितलेल्या माणसाने तरी पाकट बाहेर सोडू नये. जमत नसेल तर मोठी टाकी असलेल्या अनुभवी पाळणाऱ्याला द्या.

नवा घेणार असाल तर कागदपत्रं मागा. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला लिओपोल्डी फक्त शिंगू नदीच्या खोऱ्यात सापडतो, तिथे आता बेलो मोंते धरण आहे. २०२२ च्या पनामातल्या बैठकीत तो आणि त्याची सहा भावंडं वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स (CITES) कराराच्या दुसऱ्या यादीत आली. भारतातही अशा यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

पुन्हा खायला घालताना

मोकळा अमोनिया ०.०२ च्या खाली सलग दोन दिवस राहिला आणि कडा सपाट झाल्या की लगेच कोळंबीचा ढीग टाकू नका. फिल्टरमधले जिवाणू अजून थकलेले असतात. माझी मादी सावरते आहे हे मला वाळूवरून कळतं. ती आधी कोपरा सोडते, मग रात्री दिवे गेल्यावर चकतीच्या कडा फडफडवून अंगावर वाळू ओढून घेते, फक्त डोळे बाहेर. ज्या सकाळी वाळूत तिची गोल छाप दिसते, त्या संध्याकाळी एकच गांडूळ, चिमट्याने, तोंडाजवळ नाही तर वीतभर पुढे. शेणखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं ती थुंकते, बागेच्या मातीतली जाड करडी घेते. दुसऱ्या दिवशी दोन. अमोनिया मोजायचं, शून्य असेल तर तिसऱ्या दिवशी वीस ग्रॅम कोळंबी. दहा दिवसांनी पुन्हा सत्तर ग्रॅम.